डबा गावाचा, भाव कुणाचा?

समर्थक : तेलकंपनीचा इतिहास लिहिणारे विहिरीपासून सुरुवात करतात आणि संचालकांच्या बैठकीपाशी येऊन थांबतात. मला तो दुसऱ्या टोकाकडून, आपल्या कडगंचीकडून सांगावासा वाटतो. इथे तेल निघालं नाही, शुद्ध झालं नाही. इथे ते फक्त जळलं. घासलेट येण्याआधी या भागात दिवा म्हणजे करडईचं नाहीतर एरंडीचं तेल, पणती आणि कापसाची वात. ज्याच्या घरी दोन वेळच्या फोडणीला तेल पुरत नाही, तो रात्री किती वेळ दिवा ठेवणार? दिवेलागणीनंतर जेवण आणि झोप, एवढाच कारभार. मग पत्र्याचा चौकोनी डबा आला. चार गॅलनचा. त्यावर लंडन आणि ग्लासगोच्या मालकांची मोहोर होती, हे मला ठाऊक आहे. पण तो मुंबई बंदरावरून रेल्वेने स्टेशनापर्यंत आणि तिथून बंडीने गावोगावच्या दुकानापर्यंत पोचला. तेव्हा हा मुलूख निजामाचा होता. सरकारची शाळा पोचली नाही, दवाखाना पोचला नाही, तिथे डबा पोचला. पुढे चिमणीच्या उजेडात पोरं अक्षरं गिरवू लागली आणि बाया रात्री दळण उरकू लागल्या. एवढी साखळी उभी करणं हे लहान काम नव्हतं. १८९२ साली मार्कस सॅम्युअलची ‘म्युरेक्स’ ही टाकीबोट सुएझ कालव्यातून निघाली तेव्हा त्याची कल्पना अशी, की तेल डब्यांत न भरता बोटीच्या पोटातच भरून आशियात न्यायचं आणि स्वस्त विकायचं. इकडे गिऱ्हाईक म्हणालं, तेल ठीक, डबा कुठाय? स्टँडर्ड ऑइलच्या निळ्या डब्याचं लोक छप्पर करत, भांडी करत. तेव्हा सॅम्युअलने पत्रा मागवून लाल डबे बनवले. आपल्या गरजेने लंडनच्या व्यापाऱ्याला बेत बदलायला लावला, ही मला त्या इतिहासातली मोठी गोष्ट वाटते.

साशंक : काका, डब्याची गोष्ट मलाही आवडते. पण तुम्ही सॅम्युअलच्या शेलपासून सुरुवात केलीत आणि नावातला पहिला अर्धा भाग सोडलात. कंपनी बर्मा-शेल होती. त्यातला बर्मा म्हणजे येनांजाउंगच्या विहिरी. तिथे इरावतीच्या काठी काही मोजकी घराणी पिढ्यान्‌पिढ्या हाताने विहिरी खणून तेल काढत होती. विहिरीवरचा त्यांचा हक्क वारसाने चालत असे. १८८५ साली इंग्रज फौजा मंडालेला गेल्या, राजा थिबाला कैद करून आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं, १८८६ च्या पहिल्या दिवशी वरचा ब्रह्मदेश इंग्रजी राज्यात सामील झाला आणि त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये डेव्हिड कारगिलने बर्मा ऑइल कंपनी काढली. या तारखा इतक्या लागोपाठ येतात की मधला दुवा जोडायला पंडित लागत नाही. कारगिल शूर होता, त्याने पैसा बुडण्याची जोखीम घेतली, हे मान्य. पण फौज पुढे आणि कंपनी मागे, हा क्रम तुमच्या चिमणीच्या उजेडात दिसत नाही. आणि दुसरं. तुम्ही म्हणता तेल स्वस्त विकायचं. स्वस्त म्हणजे किती आणि ते कोण ठरवणार? १९०५ सालीच बर्मा ऑइल आणि शेलवाल्यांनी हिंदुस्थानातल्या घासलेटच्या बाजारात एकमेकांशी लढायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. गिऱ्हाइकाला डब्याचा रंग निवडता आला. भाव नाही.

समर्थक : राजा थिबाचा वाडा मी पाहिलाय, त्यामुळे तो दुवा मला नाकारता येणार नाही. पण भाव ठरवून घेणं हे काय युरोपच्या कंपन्यांनीच शोधलं? आडतीवर तुरीचा भाव कसा ठरत असे, ते माझ्या आजोबांना विचारायला हवं होतं. रुमालाखाली बोटं दाबून दोघे भाव ठरवायचे आणि ज्याची तूर होती तो समोर उभा राहून बघायचा. सावकार व्याज ठरवायचा. तेल गाळणारा घाण्याचा भाव ठरवायचा. कंपनीच्या डब्यात निदान माप ठरलेलं होतं. मुंबईत चार गॅलन ते कडगंचीतही चार गॅलन. सील तुटलेलं असेल तर दुकानदाराला जाब विचारता येत होता. आमच्या भागात वस्तूला शिक्का, ठरलेलं माप आणि ठरलेली प्रत असते, हे लोकांना शिकवलं ते अशाच मालाने. मोजमाप सरळ असणं हा गरिबाच्या बाजूचा फार मोठा फायदा असतो, पोरी. श्रीमंताला फसवणूक परवडते.

साशंक : मापाचं मी मान्य करते. पण रुमालाखालचा दलाल निदान आपल्या डोळ्यांसमोर बसलेला असायचा. त्याला शिव्या देता यायच्या, पुढच्या वर्षी दुसऱ्या आडतीवर जाता यायचं. तेलाचा भाव कुठे ठरत होता बघा. १९२७ साली न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड ऑइलने रशियाचं घासलेट विकत घेऊन हिंदुस्थानात आणलं. शेलचा प्रमुख डेटर्डिंग भडकला, कारण क्रांतीनंतर रशियाने त्याच्या बाकूच्या मिळकती हिसकावल्या होत्या आणि तेच तेल आता त्याच्या बाजारात विकायला आलं होतं. त्याने भाव पाडले. समोरच्यानेही पाडले. म्हणजे बाकूमधल्या एका भांडणाचा हिशेब हिंदुस्थानच्या खेड्यांत चुकता होत होता. त्या काळात डबा स्वस्त झाला असेल, लोक खूश झाले असतील. पण स्वस्त का झाला, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९२८ मध्ये, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅकनकॅरी नावाच्या गढीत डेटर्डिंग, अमेरिकेचा टीगल आणि अँग्लो-पर्शियनचा कॅडमन बसले आणि ठरलं, की ज्याचा जेवढा बाजार आज आहे तेवढा त्याचा राहील. लढाई संपली. १९२८ हेच वर्ष बर्मा-शेल या संयुक्त कंपनीच्या जन्माचं. कडगंचीतल्या माणसाने त्या गढीचं नाव कधी ऐकलं नव्हतं आणि ऐकण्याचा कुठला मार्गही नव्हता. माझी तक्रार भाव जास्त होता अशी नाही. कधी तो कमीही होता. पण भाव ठरवणाऱ्याला विचारायची जागाच नव्हती.

समर्थक : जागा नव्हती हे खरं. पण निजामाच्या राज्यात त्या माणसाला कशाबद्दल विचारायची जागा होती? शेतसाऱ्याबद्दल होती? एका कंपनीकडून तू अशी गोष्ट मागते आहेस जी त्या काळी राज्यसत्तेनेही दिली नव्हती. आणि कंपनीने केलेलं काम त्या अपेक्षेखाली दडपून जातं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. वाटेत अहमदाबादला त्यांच्या विमानात पेट्रोल भरलं ते बर्मा-शेलने. बैलगाडीतून आणलेले चार गॅलनचे डबे विमानाच्या पोटात रिकामे केले. मला त्या चित्रात या देशाचा सगळा प्रवास दिसतो. तीच बैलगाडी, तोच डबा. एका गावात तो चिमणीत जातो आणि दुसऱ्या गावात विमानात. नंतर स्वातंत्र्य आलं. सरकारला शुद्धीकरण कारखाने हवे होते. पैसा नव्हता, तंत्र नव्हतं. १९५५ मध्ये मुंबईत माहुलला बर्मा-शेलचा कारखाना सुरू झाला. स्टॅनव्हॅक या अमेरिकी कंपनीचा त्याच्या आदल्या वर्षी झाला होता. मुंबईच्या घरांत ‘बर्शेन’ गॅसच्या टाक्या गेल्या. कंपनीने माहितीपट काढायला पथक उभं केलं आणि कॅनडाच्या जेम्स बेव्हरिजना त्याचं प्रमुख नेमलं. बॅलार्ड इस्टेटमधल्या त्या कचेरीत मराठी मुलं कारकून म्हणून शिरली आणि अधिकारी होऊन निवृत्त झाली. राष्ट्रीयीकरणानंतर कारखाना एक दिवसही बावचळला नाही, याचं कारण ती माणसं त्या कंपनीतच तयार झाली होती.

साशंक : ती माणसं तयार झाली, हे कंपनीचं खरं देणं आहे. मी ते कमी लेखत नाही. पण तो कारखाना कोणत्या करारावर उभा राहिला तेही सांगायला हवं. पंचवीस वर्षं राष्ट्रीयीकरण नाही. कच्चं तेल कंपनी स्वतःच्या पसंतीच्या ठिकाणाहून, म्हणजे आपल्याच भाईबंदांकडून आणणार. आणि विक्रीचा भाव आयातीच्या बरोबरीने. हा शेवटचा मुद्दा मला विद्यापीठात समजला आणि नंतर अनेक रात्री डोक्यातून गेला नाही. आधी मेक्सिकोच्या आखाताजवळच्या अमेरिकी बंदरातला भाव घ्यायचा, त्यात तिथून इथवरचं जहाजभाडं, विमा, बंदराची घट मिळवायची आणि जो आकडा येईल तो भाव. पुढे इराणच्या आखातातला भाव धरू लागले. पण सूत्र तेच. आता माल माहुलला शुद्ध झालेला असो की दिग्बोईला, त्याने समुद्र बघितलेलाही नसो, गिऱ्हाइकाने मात्र न आलेल्या जहाजाचं भाडं भरायचं. कडगंचीच्या शेतकऱ्याने आपली तूर घरच्या खळ्यावर विकताना तिच्यावर रंगूनहून आणल्याचं भाडं लावलं असतं, तर त्याला कुणी उभं केलं असतं का? सरकारला हे कळत होतं. के. आर. दामले यांच्या समितीने १९६१ मध्ये या हिशेबात हात घातला, काही खर्च छाटले. मूळ सूत्र राहिलं. पुढे तालुकदार, मग शांतिलाल शहा, समित्यांवर समित्या. १९६० मध्ये तेलखात्याचे मंत्री केशवदेव मालवीय यांच्यासमोर रशियाने स्वस्त कच्चं तेल देऊ केलं, तर या परदेशी कारखान्यांनी ते शुद्ध करून द्यायला नकार दिला. करारात बसत नाही म्हणाले. मग आपल्या तेलावर थोडी सूट दिली. सूट देता येत होती, म्हणजे आधीचा भाव चढा होता, एवढं तरी त्यातून सिद्ध झालं.

समर्थक : सूत्र सगळ्या जगात तेच होतं. एका कंपनीने आपल्यावर मुद्दाम लादलेलं नव्हतं. पण तू म्हणतेस त्यात जीव आहे, आणि म्हणूनच २४ जानेवारी १९७६ ला बर्मा-शेल सरकारने घेतली तेव्हा मला ते अन्यायाचं वाटलं नाही. मला खटकलं ते पंचवीस वर्षांचं वचन. कारखाना १९५५ चा. शब्द दिला तर पाळायला हवा होता.

साशंक : कंपनीच्या स्वतःच्या देशाने शब्द कसे पाळले ते बघा. सरकारने तेलकंपनी ताब्यात ठेवायची, ही कल्पना दिल्लीची नव्हे. १९१४ साली चर्चिलनी आरमाराला तेल मिळावं म्हणून अँग्लो-पर्शियनचे निम्म्याहून अधिक भाग ब्रिटिश सरकारला घ्यायला लावले, आणि ती अँग्लो-पर्शियन बर्मा ऑइलच्याच पैशातून उभी राहिली होती. १९४२ मध्ये जपानी पुढे आले तेव्हा ब्रिटिश फौजेच्या हुकमाने रंगूनजवळचे तेलाचे साठे आणि कारखाने जाळून टाकले. कंपनीने भरपाई मागितली. १९६४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने मागल्या तारखेपासून लागू होणारा कायदा करून तो निकाल पुसून टाकला. आणि १९७५ च्या जानेवारीत बर्मा ऑइल तेलजहाजांच्या धंद्यात बुडायला आली, तेव्हा बँक ऑफ इंग्लंडने तिला वाचवताना तिच्याकडचे बीपीचे भाग काढून घेतले. कंपनीला वाटलं कवडीमोलाने घेतले. ती कोर्टात गेली आणि हरली. त्यानंतर एका वर्षाने आपण बर्मा-शेल घेतली, संसदेत कायदा करून आणि मोबदला ठरवून. वचनाच्या तराजूत दोन्ही सरकारं ठेवा. आपलं हलकं भरणार नाही.

(इथे लिहिणाऱ्याला मध्ये बोलणं भाग आहे. बर्मा ऑइलचा इतिहास टी. ए. बी. कॉर्ली यांनी दोन जाड खंडांत लिहिला आहे आणि तो मेहनतीने लिहिला आहे. पण कंपनीच्या कागदांतून लिहिलेल्या इतिहासात कागद ज्यांच्याकडे होते तेच बोलतात. डबा उघडणाऱ्या बाईचा, स्टेशनावरून बंडी हाकणाऱ्याचा कागद कुठेच नाही. पुढचा वाद त्या रिकाम्या जागेबद्दल आहे, असं मला वाटतं.)

समर्थक : बरं. कंपनी घेतली. आधी भारत रिफायनरीज आणि १ ऑगस्ट १९७७ पासून भारत पेट्रोलियम. कृष्णस्वामी समितीने आयातीच्या बरोबरीचं सूत्र बाजूला काढलं, खर्च अधिक ठरलेला परतावा असा हिशेब आला. तुझं स्वप्न पुरं झालं. आता पुढचं ऐक, कारण पुढचं मी दुकानाच्या फळीवर बसून पाहिलंय. रेशनचं घासलेट गरिबासाठी स्वस्त. डिझेल महाग. दोन्ही एकमेकांत सहज मिसळतात. म्हणून घासलेटला निळा रंग दिला. रंग दिल्यावर रंग उडवणारे निघाले. गावात कार्डावर महिन्याचं घासलेट म्हणून पोरं कॅन घेऊन रांगेत, आणि अर्ध्या रांगेला ‘संपलं’ असं ऐकायला मिळायचं. ते संपलेलं नसायचं, ट्रकच्या टाकीत गेलेलं असायचं. २००५ मध्ये इंडियन ऑइलचा षण्मुगम मंजुनाथ, आपल्याच कर्नाटकातला तरुण अधिकारी, त्याने उत्तर प्रदेशात भेसळीचा पंप बंद पाडला म्हणून त्याला गोळ्या घातल्या. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीला अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी भेसळ करताना टोळी पकडली. त्यांना भर दिवसा रस्त्यावर जिवंत जाळलं. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी. मी तो पेपर पुरता वाचू शकलो नाही. गरिबावर दया म्हणून ठरवलेल्या भावाने एका प्रामाणिक माणसाचा जीव घेतला. सांग, इथे विचारायला जागा होती ना? संसद होती, मंत्री होते, कंपनी आपली होती. मग कोण काय विचारत होतं?

साशंक : काका, यावर पटकन उत्तर देणं मला बरं वाटत नाही. सोनवणेंचा मृत्यू वादातला मुद्दा म्हणून वापरू नये. पण तुम्ही विचारलंय म्हणून बोलते. एकाच टाकीतल्या मालाला दोन भाव लावले की मधल्या फरकावर कुणीतरी जगतं. मालक परदेशी असो की देशी. तो फरक सोयीचा होता म्हणून तीस वर्षं चालू राहिला. पंप पुढाऱ्याचा, टँकर पुढाऱ्याच्या मेव्हण्याचा, रेशन दुकानही त्याच्याच माणसाचं. म्हणजे जागा होती, पण तिच्यावर फायदा घेणारेच बसले होते. आता या दुखण्यावर सरकारने जे औषध काढलं ते बघा. १ एप्रिल २००२ ला नियंत्रित भावाची पद्धत मोडीत काढली. २००६ मध्ये रंगराजन समितीने अहवालात सांगितलं, भाव व्यापाराच्या बरोबरीने ठरवा, म्हणजे ऐंशी टक्के वजन आयातीच्या भावाला आणि वीस टक्के निर्यातीच्या भावाला. २०१० च्या जूनमध्ये पेट्रोल मोकळं, २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डिझेल मोकळं, जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी नवा भाव. दामले समितीच्या काळात ज्या सूत्राला आपण परकी लूट म्हणत होतो, त्याचीच धाकटी बहीण पुन्हा घरात आली. या वेळी तिच्या नावात ‘भारत’ आहे आणि ‘हिंदुस्तान’ आहे.

समर्थक : आणि ती आली म्हणून घासलेटची भेसळ संपत आली, हेही म्हण. आज आपण जाळतो त्या कच्च्या तेलातलं पाचातल्या चार भागांहून अधिक बाहेरून येतं. बाहेरच्या मालाला बाहेरचा भाव लावायचा नाही तर कुठला? १९५५ मध्ये तू म्हणतेस ते जहाज कागदावर होतं. आज जहाज खरोखर येतं. कमी भावात विकलं तर फरक कुणीतरी भरतो. आधी सरकारने रोखे काढून भरला. ते रोखे पुढच्या पिढीने, म्हणजे तुझ्या वयाच्या पोरांनी फेडले. मला आत्ताचा रोजचा भाव आवडत नाही, ट्रॅक्टरला डिझेल घालताना पोटात गोळा येतो. पण तो निदान खोटा नाही.

साशंक : कच्चं तेल येतं, पण पेट्रोल-डिझेल येत नाही, ते इथेच शुद्ध होतं. सूत्र मात्र तयार मालाच्या आयातीचं. म्हणून कागदावरचं जहाज पूर्ण गेलेलं नाही. आणि आळंदच्या पुढची हद्द आठवा. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात डिझेल महाग होतं, आपल्याकडे स्वस्त. सोलापूरकडचे ट्रक इकडच्या पंपावर टाकी भरून जात. तेल तेच, मधे फक्त दोन राज्यांच्या करांतला फरक. म्हणजे ‘खरा’ म्हणता त्या भावात मोठा हिस्सा दिल्ली आणि बेंगळुरूच्या तिजोरीचा. तो घ्यावा का, हा वेगळा वाद. पण तो लपलेला असतो. पंपाच्या फलकावर एकच आकडा झळकतो. त्यात कच्चं तेल किती, शुद्धीकरण किती, कर किती, वाहतूक किती, हे कडगंचीच्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत, कन्नडमध्ये किंवा मराठीत, कुठे वाचता येतं?

समर्थक : मागितलं तर मिळतं. माहितीचा अधिकार आहे.

साशंक : आहे, आणि तो भारत पेट्रोलियमला लागू आहे तो ती सरकारी आहे म्हणूनच. हाच माझा मुद्दा आहे. २००३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की संसदेने कायदा करून घेतलेली कंपनी संसदेला विचारल्याशिवाय विकता येणार नाही. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. अ‍ॅकनकॅरीच्या गढीत ठरलेल्या गोष्टीवर हा पहिला पक्का अडसर होता. आमच्या वतीने विचारण्याची एक जागा न्यायालयाने नावानिशी दाखवली. २०१६ मध्ये कालबाह्य कायदे काढून टाकण्याचा एक कायदा झाला, त्यात १८७ कायदे गेले आणि त्या ढिगात बर्मा-शेलचा १९७६ चा कायदाही गेला. पुढे सरकारने आपला ५२.९८ टक्के हिस्सा विकायला काढला. २०२२ च्या मे महिन्यात तो बेत सोडला, कारण घेणारे मागे हटले. दार उघडं झालंय, फक्त अजून कुणी आत आलेलं नाही. उद्या खरेदीदार आला, तर भावाचा हिशेब मागणारा माझा अर्ज तो स्वीकारेल का?

समर्थक : तुझा अर्ज आज स्वीकारतात, पण त्यातून भाव बदलतो का? एक गोष्ट आपल्या राज्यातली आठव. रोजचा भाव चालू झाला होता, कंपन्या म्हणत होत्या की सरकारचा हात नाही. आणि २०१८ च्या एप्रिलच्या अखेरीस भाव गोठला. जागतिक बाजार चढत होता, इथे एक पैसाही हलला नाही. बारा मेला कर्नाटकात मतदान झालं. दोन दिवसांनी भाव पुन्हा चढू लागला. एकोणीस दिवस. कुणी आदेश दिल्याचा कागद नाही, कुणी मान्य केलं नाही. आता सांग, अ‍ॅकनकॅरीत निदान तिघांचा ठराव कागदावर तरी होता. हे तर कागदाशिवाय झालं. आपल्या मालकीच्या कंपनीत, आपल्याच निवडणुकीत.

साशंक : त्या एकोणीस दिवसांबद्दल मीही खूप विचार केलाय. आधी मला त्याची लाज वाटली. मग उलटं वाटू लागलं. तेलाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात कडगंचीच्या माणसामुळे भाव थांबला असं कधी घडलं? १९२७ मध्ये नाही, १९६१ मध्ये नाही. २०१८ मध्ये घडलं. त्याच्या मताची भीती कुठेतरी कुणालातरी वाटली. ही भीती चोरून, कागदाशिवाय, मतपेटी बंद होईपर्यंतच काम करते, हे वाईट. पण तिचं वजन आहे हे कळलं. मला ते वजन उघड्यावर आणायचंय. भाव वाढवायचा तर का, थांबवायचा तर का आणि फरक कोण भरणार, हे लिहून, सही करून सांगा. मग तो भाव बाजारातला असू दे. मी भरेन.

समर्थक : सही कोण करणार? मंत्र्याने केली तर तू म्हणशील राजकारण, कंपनीच्या अध्यक्षाने केली तर म्हणशील लोकांनी निवडून दिलेला नाही, नियामकाने केली तर म्हणशील कुणाला उत्तरदायी आहे. आणि तू फक्त गिऱ्हाइकाचं वजन मोजते आहेस. माहुल, आंबापाडा इथल्या लोकांना बघ. आगरी-कोळ्यांच्या मिठागरांच्या आणि खाडीच्या कडेला कारखाने आले, मालक बदलले, धूर तिथेच राहिला. २०२० च्या ऑगस्टमध्ये हरित लवादाने तिथल्या हवेबद्दल चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटींचा दंड ठोठावला. त्यांत दोन सरकारी तेलकंपन्या होत्या, म्हणजे तुझ्या-माझ्या मालकीच्या. आपल्याला डिझेल स्वस्त हवं, म्हणून माहुलच्या माणसाने काय श्वासात घ्यायचं, हे ठरवताना त्याचं मत कुठे धरलं? कडगंचीचं मत एकोणीस दिवस तरी मोजलं गेलं. त्याचं एकही दिवस नाही. येनांजाउंगच्या विहिरींवरची घराणी आणि माहुलचे कोळी यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. फक्त यावेळी कंपनीच्या जागी आपण उभे आहोत.

साशंक : म्हणजे तुम्ही माझीच शंका घेऊन माझ्या पुढे गेलात. मी भाव कोण ठरवतं हे विचारत होते. तुम्ही विचारताय, की तेलाची किंमत ज्याच्या अंगावर पडते पण जो ते विकत घेत नाही, त्याला भावात कुठे बसवायचं. त्याच्यासाठी ना दामले समिती बसली, ना रंगराजन समिती. दंडाचे कोटी कंपनीच्या खर्चात जातील, म्हणजे कधीतरी पंपावर माझ्याकडूनच वसूल होतील. ते मला पटतं. पण ते पैसे आंबापाड्यातल्या घरात पोचतात का आणि तिथल्या बाईला कारखान्याची चिमणी थांबवायला लावण्याचा हक्क मिळतो का, हे पैशाने ठरत नाही.

समर्थक : तो हक्क तिला दिला आणि तिने थांबवली, तर कडगंचीचा ट्रॅक्टर उभा राहील. तेव्हाही तू तिच्या बाजूने राहशील?

साशंक : राहायला हवं. पण तुरीची रास शेतात पडलेली असताना राहीन की नाही, हे आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तुम्ही सांगा काका, तुम्ही राहाल?

समर्थक : आधी तिला विचारतील तर बरं. मग माझं सांगतो.